तिला सांग

मुगाच्या कढणाची चांदीची वाटी काकूच्या दोन्ही हातांत होती. कढणावर बारीक लाटा उठत होत्या. हॉल माणसांनी भरलेला होता, पण ते बहुधा मला एकटीलाच दिसत होतं. बाकी सगळे काकांकडे बघत होते.

काका पाटावर बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस त्यांनी निव्वळ उकळलेल्या पाण्यावर काढले होते, तेही दिवसातून एकदाच. गालफडं बसली होती, डोळे मात्र लखलखीत. सांगलीच्या हळद बाजारात धन्यकुमार मगदूम हे नाव आधीच मोठं होतं, त्या सकाळी ते अजून थोडं मोठं झालं होतं. आमच्या घरी उपवासाचं पारणं आणि क्षमावणी एकाच सकाळी करायची पद्धत होती. आधी सगळ्यांची क्षमा मागायची, मग पहिला घोट घ्यायचा. आणि तो घोट घरच्या बाईच्या हातून.

"चला धन्यकुमार," बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन मंदिरातले उपाध्ये म्हणाले. "कढण निवायच्या आत उरकू. पहिली क्षमा घरातली बरं का. बाहेरच्यांची मागायला सोपी असते."

सगळे हसले. काकाही हसले. ते उठले, हात जोडले आणि आधी त्यांच्या थोरल्या बहिणीपाशी, म्हणजे आमच्या विमलआत्तीपाशी गेले.

"अक्का, वर्षभरात काही चुकलं-माकलं असेल, मन दुखावलं असेल. उत्तम क्षमा."

"मलाही उत्तम क्षमा रे बाबा," आत्ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मग पेठेतले व्यापारी. मग गोदामाच्या जागेवरून ज्यांच्याशी कोर्टात भांडण चालू होतं ते बिरनाळे. त्यांना काकांनी मिठीच मारली. मग दारात चपलांजवळ उभा असलेला कल्लाप्पा हमाल. तो बिचारा इतका अवघडला, की त्यानं काकांचे जोडलेले हात आपल्या हातांनी खालीच दाबले. मग मी.

"सुनीती, तुला रागानं बोललो असेन कधी. उत्तम क्षमा."

"काका, मलाही," मी म्हणाले.

आता फक्त काकू उरली होती. ती पाटाच्या कडेला उभी होती. तिनं वाटी थोडी वर उचलली. काकांचे हात अजून जोडलेलेच होते. त्यांनी वाटीकडे बघितलं. हॉलमधली कुजबुज थांबली. उपाध्ये तर चक्क पुढे झुकले होते.

काकांनी मान माझ्याकडे वळवली.

"सुनीती, तिला सांग, वाटी पाटाजवळ ठेव. मी घेतो."

ती माझ्यापेक्षा त्यांच्या जवळ उभी होती. कुणीतरी खोकलं. मी म्हणाले, "काकू, वाटी पाटाजवळ ठेवायची आहे."

तिनं वाकून वाटी ठेवली. थेंबही सांडला नाही. "पाहुण्यांचं बघते," असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणत ती आत गेली. जांभळी इरकल, काठाला मोठी रुईफुलं. आदल्या दुपारी कपाट उघडून तिनंच मला विचारलं होतं, "ही नेसू का गं उद्या?"

"एवढी भारी?"

"या वर्षी दहा उपवास केलेत त्यांनी. उपवासानं मन मऊ होतं म्हणतात."

या घरात येऊन मला दुसरं वर्ष चाललं होतं, आणि ती कशाची वाट बघतेय हे मला माहीत होतं.

माझं गाव जत तालुक्यात. बारावीनंतर बी.एस्सी.साठी बाबांनी मला त्यांच्या थोरल्या भावाकडे सांगलीला ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी काका जेवायला बसले आणि मला म्हणाले, "तिला सांग, आमटीत मीठ कमी आहे." मला वाटलं स्वयंपाकाला बाई आहे. मी इकडे-तिकडे बघितलं. काकू त्यांच्या ताटात पोळी वाढत होती.

आठ वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधी एकदा शीतलताईला बघायला जयसिंगपूरची मंडळी आली होती. शीतलताई त्यांची एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. मुलाच्या आईनं सहज विचारलं, तब्येतीची काही तक्रार? काका म्हणाले, "लहानपणी होतं थोडं. गोळ्या केव्हाच बंद झाल्या." काकू चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती म्हणाली, "नाही, गोळ्या चालू आहेत अजून. वेळेवर घेतल्या की काही होत नाही तिला." एवढंच. स्थळ मोडलं. काका ओरडले नाहीत, हात उगारला नाही, घराबाहेर काढलं नाही. ते फक्त तिच्याशी बोलायचे थांबले. पुढे शीतलताईचं लग्न बेळगावच्या एका शिक्षकाशी झालं. त्यानं गोळ्यांचं सगळं ऐकून हो म्हटलं होतं. त्या मांडवातसुद्धा काका भटकणाऱ्या पोराटोरांना पकडून "तिला सांग, अक्षता आण" म्हणत होते, असं शीतलताई हसत सांगायची. हसता हसता मधेच थांबायची.

शीतलताईनंतर हे काम माझ्याकडे आलं. तिला सांग, पाणी तापलं नाही. तिला विचार, चावी कुठं ठेवली. काकू उत्तर माझ्याकडे बघून द्यायची आणि ते काकांना ऐकू गेलेलं असायचं, तरी मी पुन्हा म्हणायचे. "तुझा पगार वाढवायला पाहिजे," काकू म्हणायची. "डाकखात्यात लागल्यासारखी झालीस."

कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं म्हणून मी एकदा रक्तदाब मोजायचं यंत्र घरी आणलं होतं. पंपाचं, घड्याळासारखी तबकडी असलेलं. दुपारी काकूला खुर्चीत बसवलं, तिच्या दंडाला पट्टा बांधला, कानांत स्टेथोस्कोप घातला. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा साधारण सारखं आलं. चौथ्यांदा मोजत होते तेवढ्यात फाटकापाशी काकांची स्कूटर वाजली. काकू हललीही नाही. चेहरा तसाच. पण आकडा एकदम वर गेला. मला वाटलं माझीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी स्कूटरची वेळ धरून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मला फार आनंद झाला, कारण पुस्तकात वाचलेलं डोळ्यांसमोर घडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"काकू, काका आले की तुझं ब्लडप्रेशर चढतं!"

ती पट्टा सोडवत म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. लोक म्हणतील, बाईला नवऱ्याच्या येण्याचं ओझं होतं."

क्षमावणीच्या त्या सकाळी मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याला धरून उभी होती. कढी मंद गॅसवर होती. तिच्या कपाळावर, वरच्या ओठावर, मानेवर घाम होता, आणि पंखा चालू होता.

"काकू?"

"काही नाही. जबडा दुखतोय गं. दाढ दुखावी तसा. सगळीकडे."

"आणि?"

"मळमळतंय. पाठीत, हितं," तिनं हात मागे नेऊन डाव्या खांद्याच्या फऱ्याकडे दाखवलं. "कळ येतेय."

"छातीत दुखतंय?"

"दुखत नाही. कुणीतरी हळदीचं पोतं ठेवल्यासारखं झालंय."

मी तिला खाली बसवलं आणि आत्तीला हाक मारली. आत्तीनं आत येऊन बघितलं. बघताक्षणी तिला सगळं कळलं.

"पित्त आहे हे. दहा दिवस एकासनं केलीस, एकदाच जेवायचं, आणि आज पहाटेपासून उभी. लिंबू-सोडा घे, दोन ढेकरा आल्या की मोकळी."

"आत्ती, हार्टचं असू शकतं."

"छातीत दुखत नाही म्हणाली ना ती? मग? आमच्या ह्यांना अटॅक आला तेव्हा ते छातीला हात लावून धाडकन खाली बसले होते. तसं असतं ते."

"बायकांना तसंच होईल असं नसतं. जबडा, पाठ, मळमळ, घाम, असंही होतं."

"तू दुसऱ्या वर्षाला आहेस ना अजून?" आत्ती म्हणाली.

मी काकूची नाडी धरली. वेगात होती, आणि मधेच एखादा ठोका चुकत होता. मी हॉलमध्ये गेले. काका पाटावर बसून चमच्याचमच्यानं कढण घेत होते. लोक त्यांच्याकडे समाधानानं बघत होते. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"काका, काकूला बरं वाटत नाही. मिरजेला हॉस्पिटलात न्यायला पाहिजे, लगेच."

त्यांचा चमचा थांबला. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, ते नक्की काय होतं मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी आजूबाजूच्या माणसांकडे बघितलं.

"तिला सांग, पाहुणे जाऊ देत. मग डॉक्टरांना बोलावतो."

हा निरोप मी पोचवला नाही. मागच्या दारानं बाहेर जाऊन रिक्षा आणली. काकूला उठवताना आत्ती म्हणाली, "अगं, घरात एवढा कार्यक्रम, आणि ही निघाली. लोक काय म्हणतील?" पण काकूची चप्पल तिनंच पुढे सरकवली.

रिक्षा विश्रामबागच्या पुढे गेली तेव्हा काकू डोळे मिटून म्हणाली, "कढीखालचा गॅस बंद केलास का?"

"केला."

"उतू गेली असती."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा तोंड उघडलं. "कल्लाप्पाची पण मागितली गं क्षमा."

मी तिचा हात धरला होता. तो गार आणि ओला होता.

"कल्लाप्पाशी ते रोज बोलतात," ती म्हणाली. "त्याच्याशी काय चुकलंय त्यांचं?"

मिरजेच्या हॉस्पिटलात डॉक्टर मुजावर ड्यूटीवर होत्या. बारीक चणीच्या, केस आवळून बांधलेले, बोलणं तुटक. ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर येत होती तेव्हाच त्यांच्या भुवया वर गेल्या. मीही ती पट्टी बघितली. पुस्तकातल्या चित्रात हृदयविकाराच्या झटक्यात रेघ जशी वर उचललेली असते तशीच ती होती. मी घाबरले. आणि खरं सांगायचं तर, आता कुणी पित्त म्हणणार नाही, असंही वाटलं.

"नातेवाईक कोण? अँजिओग्राफी करायची आहे, सही लागेल."

काका आणि आत्ती तोवर पोचले होते. काकांच्या कपाळावर गंध तसंच होतं. त्यांनी फॉर्मवर सही केली, तेव्हा पेन दोनदा घसरलं.

"दुखायला लागायच्या आधी काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "पडल्या? काही वाईट बातमी? भांडण?"

"काही नाही हो," आत्ती म्हणाली. "घरात कार्यक्रम होता. आनंदाचा."

डॉक्टरांनी स्ट्रेचरवरच्या काकूकडे बघितलं. काकू छताकडे बघत होती.

"पाळी गेली यांची?"

काका वळून खिडकीपाशी गेले. "तीनेक वर्षं झाली," आत्ती कुजबुजली. "त्याचा काय संबंध?"

"आहे संबंध," डॉक्टर म्हणाल्या आणि स्ट्रेचरच्या मागोमाग आत गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. काकांनी सकाळपासून त्या अर्ध्या वाटी कढणाखेरीज काही घेतलं नव्हतं. मी पाणी आणलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. अचानक म्हणाले, "घाबरली आहे का ती?"

"तुम्हीच विचारा की, काका. बाहेर आणल्यावर."

ते उठले, त्या बंद दारापाशी गेले. चपला काढल्या, बस्तीच्या पायरीवर काढाव्यात तशा. तिथं थोडे थांबले. मग चपला घालून परत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"तू विचार," म्हणाले.

डॉक्टर मुजावर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि कोडंही होतं. त्यांनी आम्हाला पडद्यापाशी नेलं. पडद्यावर काकूच्या हृदयाच्या धमन्या दिसत होत्या, पानाच्या शिरांसारख्या, टोकापर्यंत काळ्याभोर भरत गेलेल्या.

"धमन्या स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "कुठंही अडथळा नाही. पण हे बघा." त्यांनी दुसरी फीत लावली. "हा हृदयाचा डावा कप्पा. वरचा भाग आकुंचन पावतोय. खालचा भाग मात्र जागचा हलत नाही, फुग्यासारखा फुगलाय. तोंड अरुंद आणि पोट मोठं. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं असं मडकं असतं, त्याचं नाव या आजाराला दिलंय. आपण चंबू म्हणू. फार मोठा मानसिक धक्का बसला की अंगात एकदम जी रसायनं सुटतात, त्यांनी हृदयाचा स्नायू असा बधिर होतो. पाळी गेलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. बरेचदा काही आठवड्यांत हृदय सुधारतं. पण पहिले काही दिवस धोक्याचे असतात, आणि पुन्हा होऊ शकतं."

आत्तीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "म्हणजे अटॅक नव्हता."

"अटॅकसारखंच आहे, पण..."

"नळ्या स्वच्छ आहेत म्हणालात ना?"

"धमन्या स्वच्छ आहेत. हृदय दुखावलंय."

"स्वच्छ आहेत," आत्ती काकांना म्हणाली. "बघ. मी म्हणत होते. काहीच नव्हतं. उगाच सकाळी घरात गोंधळ." तिचा आवाज आधी सुटकेनं भरून आला होता. दुसऱ्या वाक्याला त्यात राग आला होता. दुपारपर्यंत तिनं सहा-सात ठिकाणी फोन केले, आणि प्रत्येक ठिकाणी "काही निघालं नाही हो" एवढंच सांगितलं. शेवटच्या फोनवर मी ऐकलं, "आता काय बोलायचं? लक्ष वेधून घ्यायची तऱ्हा असते एकेकाची."

डॉक्टरांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"तू आणलंस ना यांना? सकाळी काय झालं, सांग. आनंदाचा कार्यक्रम सोडून."

मी सांगितलं. वाटी, पाट, कल्लाप्पा, आठ वर्षं, सगळं. स्कूटरचा प्रयोगही सांगितला. सव्वा वर्ष मी त्या घरात दुसऱ्यांची वाक्यं बोलत होते. माझं स्वतःचं वाक्य कुठून सुरू करायचं ते पटकन सुचेना. डॉक्टर टेबलावर पेन आपटत ऐकत होत्या.

"बोलाव त्यांना," त्या म्हणाल्या.

काका आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"मगदूमसाहेब, औषधं मी देईन. पण घरात ताण राहिला तर औषधांचा उपयोग अर्धाच. तुम्ही त्यांच्याशी बोलायला पाहिजे."

"ताण?" काकांना खरोखरच कळेना. "घरात कसला ताण? पैसा आहे, मान आहे. डॉक्टर, तुम्ही पेठेत कुणालाही विचारा. आठ वर्षांत मी तिला एका शब्दानं बोललो नाही."

डॉक्टर मुजावर त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी आम्हाला एकेकाला आत सोडलं. काकांनी नर्सला सांगून मलाही बरोबर घेतलं. काकूच्या नाकात नळी होती, मनगटाला पट्टी. तिच्या डोक्यावरच्या पडद्यावर हिरवी रेघ पळत होती. काका पायथ्याशी उभे राहिले. काकूनं डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. मी तो बघत होते. तिचा चेहरा, त्या दुपारच्या खुर्चीतल्यासारखाच, शांत होता.

काकांचे ओठ हलले. मला वाटलं, आता.

"सुनीती," ते म्हणाले, "तिला सांग, धमन्या स्वच्छ आहेत."

काकूनं डोळे मिटले. हाही निरोप मी पोचवला नाही. पडद्यावरचा आकडा हळूहळू उतरला. नर्सनं येऊन आम्हाला बाहेर काढलं.

घरी सोडायच्या आधी पुन्हा तपासणी झाली. हृदयाचा खालचा भाग थोडा हलायला लागला होता, पुरता नाही. डॉक्टरांनी मला सकाळ-संध्याकाळ रक्तदाब बघायला सांगितलं. "चंबू झाला होता म्हणे माझ्या काळजाचा," गाडीत बसताना काकू म्हणाली. "आता काय झालंय? तांब्या?"

पेठेत मात्र आत्तीचे फोन आणि कल्लाप्पाच्या डोळ्यांनी बघितलेलं, दोन्ही फिरत होतं. त्या सकाळी हॉलमध्ये जे झालं ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. बिरनाळ्यांच्या सुनेनं म्हणे भर बाजारात विचारलं, "दहा उपवास करून बायकोला क्षमा मागवेना, मग उपवास कशाचा?" काकांच्या कानावर ते गेलं असणार. उपाध्ये तर स्वतःच घरी आले. बंद दाराआड काकांशी काहीतरी बोलले. मला फक्त त्यांचं शेवटचं वाक्य ऐकू आलं. "मी नाही सांगत, धर्म सांगतो. आणि आता तर जग बघतंय."

दुसऱ्या सकाळी काकूच्या खोलीत बघायला आलेली माणसं होती. आत्ती, उपाध्ये, बिरनाळे नवरा-बायको, पेठेतल्या दोन-तीन बायका. मी काकूच्या दंडाला पट्टा बांधत होते. तेवढ्यात काका दारात आले. अंगावर तेच पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. माणसांनी वाट करून दिली. उपाध्यांनी मान हलवली.

काका पलंगाच्या कडेला येऊन उभे राहिले. हात जोडले.

पट्टा बांधता बांधता मी थांबले. काकूची आठ वर्षं, आणि माझंही सव्वा वर्ष याच क्षणाची वाट बघण्यात गेलं होतं. आता हे होईल. दाब उतरेल. हृदय सुधारेल. मला तेव्हा ते इतकं साधं गणित वाटत होतं.

"वर्षभरात," काका म्हणाले. आवाज घोगरा होता. त्यांची नजर काकूच्या उशीवर होती, तिच्यावर नव्हती. "वर्षभरात काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल. उत्तम क्षमा."

आत्तीनं पदर डोळ्यांना लावला. बिरनाळ्यांच्या बायकोनं सुस्कारा सोडला. सगळे काकूकडे बघू लागले. तिनं आता फक्त "मलाही उत्तम क्षमा" म्हणायचं होतं. एवढे तीन शब्द. वर्षानुवर्षं क्षमावणीच्या दिवशी भारी साडी नेसून तिनं तेच शब्द तोंडात धरून ठेवले होते.

काकूनं काकांच्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग जमलेल्या माणसांकडे, एकेकाकडे. मग मान माझ्याकडे वळवली.

"सुनीती," ती म्हणाली, "त्यांना सांग, मला काहीच झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, सगळं स्वच्छ आहे. मग क्षमा कशाची?"

काका तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. पण त्यांचे हात जोडलेलेच राहिले, आणि ते माझ्याकडे बघू लागले. आठ वर्षांची सवय. निरोप माझ्या तोंडून यायचा होता.

"काकू..." मी हळूच म्हणाले.

"सांग की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मीठ कमी आहे, असं सांगावं तसा आवाज. "तुझं काम आहे ते."

मी काकांकडे वळले आणि शब्द न बदलता सांगितलं.

हे घडून आता बरीच वर्षं झाली. काकू अजून त्याच घरात आहे. तिची औषधं चालू आहेत. काका अजून दर वर्षी उपवास करतात. पण पारण्याची वाटी आता आत्ती देते, आणि क्षमावणीच्या दिवशी काकू रोजचीच साडी नेसते. तिच्याशी बोलायचा त्यांनी पुढे तीन-चारदा प्रयत्न केला म्हणतात. उत्तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी तोंडून आलं.

त्या सकाळी माझं सांगून झाल्यावर काकांचे हात सावकाश खाली आले. उपाध्ये जमिनीकडे बघत होते. आत्ती काकूला म्हणायला लागली, "अगं पद्मल, पाप लागेल..."

"आता घे माप," काकू मला म्हणाली आणि दंड पुढे केला.

मी कानांत नळ्या घातल्या, पंप दाबला, हवा सोडली. तबकडीवरचा काटा उतरत गेला. आकडा इतका बेताचा आला, की मी पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजलं. तेवढाच. काका तिच्या उशाशी उभे होते, आणि तो तेवढाच होता. खोलीत सगळे एकदम बोलायला लागले होते, त्यांचे ओठ मला दिसत होते. ऐकू फक्त तिचे ठोके येत होते, एकामागून एक, सारख्या अंतरानं.